आईचे चरित्र कोणी लिहावे?

आई २०२३ च्या भाद्रपदात गेली. वर्षश्राद्धाच्या दिवशी तिच्या स्मरणार्थ एखादी छोटी पुस्तिका काढावी असे थोरल्या भावाने सुचवले, आणि मी मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे लिहिण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. दादाने शीर्षकही ठरवून ठेवले होते : ‘त्यागमूर्ती’. मी एका संध्याकाळी बसून चार पाने लिहून काढली. वर्षानुवर्षे वर्गात आईवरच्या कविता शिकवणाऱ्या माणसाला ते अवघड नव्हते. आई पहाटे चारला उठे, सर्वांचे झाल्यावर उरले तर जेवे, स्वतः ठिगळाचे लुगडे नेसे पण मुलांना गणवेशावाचून ठेवत नसे. मी शिकायला निघालो की एस.टी. वळणाआड जाईपर्यंत ती रस्त्यावर उभी राही. मजकूर छापायला देण्याआधी ताईला वाचून दाखवावा म्हणून मी तिच्या गावी गेलो. तिने तो हातातले तांदूळ निवडता निवडता, पण लक्ष देऊन ऐकला. शेवटी म्हणाली, “बरं लिवलंयस. पन ही आये कुनाची?”

आमच्याकडे आईला ‘आये’ म्हणतात. ताईच्या प्रश्नात उपरोध नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हते की आपण जिच्याबरोबर पन्नास वर्षे काढली ती बाई या चार पानांत कुठे आहे. मला त्या वेळी राग आला होता, हे कबूल केले पाहिजे. परतीच्या गाडीत मात्र मी ती पाने पुन्हा वाचली आणि एक गोष्ट लक्षात आली. त्यात खोटे असे काही नव्हते. पण त्यातले बरेचसे मी पाहिलेले नव्हते, वाचलेले होते. आई सर्वांच्या शेवटी जेवत असेलही. ती जेवताना मी तिला कधी पाहिले होते का, हे मला आठवेना.

हे वाचलेले कुठून आले, ते सांगायला फार दूर जावे लागत नाही. पोलादपूरहून दक्षिणेला कशेडी घाट ओलांडला की रत्नागिरी जिल्ह्यातील खेड लागते आणि तिथून पुढे दापोली तालुक्यात पालगड. साने गुरुजींच्या आईचे, यशोदाबाईंचे, ते गाव. ‘श्यामची आई’ गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, १९३५ मध्ये ती प्रसिद्ध झाली, आणि आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये तिच्यावर काढलेल्या चित्रपटाला पुढच्या वर्षी पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. या पुस्तकाचे मोठेपण मला नाकारायचे नाही. माझी तक्रार असलीच तर ती माझ्यासारख्या वाचकांबद्दल आहे. श्याम हा घरापासून लांब गेलेला मुलगा आहे. आई आता नाही, आणि तो आपल्या सोबत्यांना रात्री तिच्या गोष्टी सांगतो आहे. लांब गेलेल्या मुलाने, आईच्या माघारी, तिने आपल्यावर केलेले संस्कार आठवावेत, हा साचा पुढे आम्हा मराठी मुलग्यांच्या हाताला इतका बसला की आपापल्या आयाही आम्ही त्यातच ओतू लागलो. पालगडच्या त्या कर्जबाजारी ब्राह्मण घरातील आईचे दुःख निराळे, तिचे काम निराळे, तिच्या घराची रीत निराळी. डोंगरातल्या कुणबी घरातली माझी आई त्या साच्यात बसवताना तिचे जे जे बाहेर राहिले, ते मी कापून टाकले होते.

आमच्या भागात आणखी एका आईचे स्मरण रोज होते. रायगडाच्या पायथ्याशी, महाड तालुक्यातील पाचाड येथे जिजाबाईंची समाधी आहे. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेला पाचाडात त्यांचे देहावसान झाले. शाळेच्या सहलीत त्या समाधीपुढे आम्ही कितीदा उभे राहिलो असू. पण पुणे जहागिरीचा कारभार पाहणारी बाई म्हणून त्यांची ओळख आम्हाला कोणी करून दिल्याचे स्मरत नाही. ‘वीरमाता’ हा शब्द उच्चारला की काम संपे. आईचे मोठेपण तिच्या मुलाच्या मोठेपणावरून मोजायचे, ही सवय आम्हाला तिथपासून लागली असावी. दादाला ‘त्यागमूर्ती’ हा शब्द सुचला तोही याच सवयीतून. त्यागमूर्तीने त्याग करायचा असतो. तिने काय ठरवले, काय नाकारले, कोणाला काय दिले आणि कोणाला दिले नाही, असे प्रश्न मूर्तीला विचारता येत नाहीत.

आईला आपली जन्मतारीख ठाऊक नव्हती. लग्न मात्र ‘भूकंपाच्या सालात, भूकंपाच्या आदी’ झाले असे ती सांगे. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे झाला. त्याचा हादरा सह्याद्रीच्या या बाजूलाही पोचला होता. म्हणजे त्या उन्हाळ्यात, सोळा-सतरा वर्षांची असताना, ती आमच्या घरात आली. वडील मुंबईत गिरणीत होते. परळला गावकीची खोली होती. तिथे आमच्या गावचे पंधरा-वीस पुरुष पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. वडील गणपतीला, शिमग्याला आणि जमल्यास लावणीला गावी येत. एरवी त्यांची मनीऑर्डर येई. महाड-पोलादपूरच्या डोंगरातील कितीतरी घरे अशीच होती. घराचा कर्ता मुंबईत आणि घर चालवणारी गावात. सातबाऱ्यावर आणि शिधापत्रिकेवर नाव कर्त्याचे.

हे घर चालवणे म्हणजे काय, ते मला ताईने सांगितले. त्या भेटीनंतर मी तिच्याकडे पुन्हा गेलो, या खेपेस कोरी वही घेऊन. ती आठवणी सांगत नव्हती, वर्ष सांगत होती. थंडी सरली की रानातून झाडांचे टाहाळ तोडून भारे आणायचे. शेण, पालापाचोळा, टाहाळ आणि माती यांचे थर देऊन दाढ भाजायची. मृगाआधी महाडला जाऊन आगोटीचा बाजार करायचा : मीठ, मिरची, सुकट, बोंबील, रॉकेल. एकदा पावसाने धरले की चार महिने बाजार नाही. इथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. इरले पाठीवर घेऊन दिवसभर वाकून लावणी करायची. भात खाचरातले, नाचणी आणि वरी डोंगराच्या उतारावर. दिवाळीच्या सुमारास कापणी, झोडणी. मग गवत, मग लाकूडफाटा. आणि इतका पाऊस पडूनही फाल्गुनापासून पाणी नाही, कारण उतारावरचे पाणी थांबत नाही. झऱ्याशी रात्री नंबर लावून वाटीवाटीने हंडा भरायचा.

“ह्ये समद्या बाया करत्यात,” ताई म्हणाली. “आये काय करी ते लिव्ह. आये हिशेब करी.” आई निरक्षर होती. चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा असत, एवढे मलाही आठवते. त्या रेघा म्हणजे काय, हे ताईला ठाऊक होते. बियाण्याला किती पायली, खायला किती, आगोटीला विकायला किती. कोणाच्या लावणीला आपण किती दिवस गेलो आणि त्यांच्याकडून किती दिवसांची फेड यायची आहे. कोणाचे उसने किती. सासूचे मत ती ऐकून घेई आणि करायचे ते करी. एका वर्षी भाताचा भाव वाढेल या अंदाजाने तिने कणगी माघापर्यंत उघडलीच नव्हती आणि घरात सर्वांनी नाचणीच्या भाकरीवर काढले. ही गोष्ट दादा ‘उपासमारीच्या दिवसांतील आई’ म्हणून सांगत असे. ताईच्या मते ती उपासमार नव्हती, तो आईचा व्यवहार होता, आणि त्यात तिला फायदा झाला होता.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपात होते. दत्ता सामंतांचा हा संप मराठी साहित्यात, नाटकांत, चित्रपटांत आला तो लालबाग-परळच्या बाजूने. गावाच्या बाजूने तो कसा दिसला, याविषयी फार थोडे वाचायला मिळते. गावाच्या बाजूने तो असा दिसला की पोस्टमन यायचा थांबला. वडील शिमग्याला आले ते राहिले. घरात खाणारे तोंड वाढले आणि रोख रक्कम आटली. त्या वेळी दादा तेराचा होता आणि पोलादपूरला नातलगांकडे राहून हायस्कुलात शिकत होता. ताई अकराची होती. गावातली चौथीपर्यंतची शाळा संपवून तासभर वाटेवरच्या मोठ्या गावात पाचवी पास झाली होती. मी दोन वर्षांचा होतो. ताई आणि मी यांच्या मधली दोन मुले जगली नव्हती, त्यामुळे मला जपण्याकडे सर्वांचे लक्ष होते.

त्या जूनमध्ये ताई शाळेत गेली नाही. सहावीची जुनी पुस्तके तिने शेजारच्या मुलीकडून आधीच आणून ठेवली होती. ती परत करावी लागली. मला सांभाळायला कोणीतरी हवे होते, आणि लावणीला आणखी दोन हात हवे होते. “माजा हात लावनीला चांगला व्हता,” ताई म्हणाली, “दादाचा न्हवता. म्हनून तो शाळंत ऱ्हायला.” हे तिने विनोद केल्यासारखे सांगितले. मग थोडे थांबून म्हणाली की आजी तर आधीपासूनच म्हणत होती, वडील काहीच बोलले नाहीत. पण ठरवले ते आयेने, आणि एकदा ठरवल्यावर त्यावर पुन्हा बोलणे काढले नाही.

मला ही गोष्ट ठाऊक नव्हती असे नाही. ‘ताईने शाळा सोडली’ अशा शब्दांत ती मला लहानपणापासून ठाऊक होती. पण माझे शिक्षण आणि तिचे न शिकणे या दोन गोष्टी मी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. मी तिच्या कडेवर वाढत होतो तेव्हा ती सहावीत असायला हवी होती, इतके साधे गणित मला चाळीस वर्षे सुचले नव्हते.

पुढच्या दोन उन्हाळ्यांत आई रोजगार हमीच्या रस्त्यावर कामाला गेली. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला होता. मजुरी कामाच्या मापावर मिळे. अठरा वर्षांखालच्या मुलांची नावे हजेरीपटावर येऊ शकत नसत. ताई आईच्या वाट्याची खडी आणि माती पाट्यांतून उचलायला जाई. माप आईच्या नावाने भरे. आज आमच्या वाडीत एस.टी. येते ती त्याच रस्त्याने. मी शिकायला गेलो तोही त्याच रस्त्याने, आणि आई गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभी राही ती त्याच रस्त्यावर. माझ्या चार पानांत तो रस्ता होता. तो कोणी केला, ते नव्हते.

इथे मला महाडविषयी काही सांगितले पाहिजे. आगोटीच्या बाजाराला आई दरवर्षी महाडला जाई आणि माझ्या लहानपणी कधीकधी मलाही नेई. चवदार तळे मी प्रथम पाहिले ते असे, तिच्या लुगड्याचा पदर धरून. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या सहकाऱ्यांसह या तळ्याचे पाणी प्राशन केले, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला दुसऱ्या परिषदेत महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, हे सर्वांना ठाऊक असते. त्या परिषदेनंतर बाबासाहेबांनी तिथे जमलेल्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील स्त्रियांशी स्वतंत्रपणे संवाद साधला आणि त्यांना ज्या गोष्टी सांगितल्या त्यांत मुलींनाही शिकवण्याचा आग्रह होता, ही गोष्ट तुलनेने कमी सांगितली जाते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या पुस्तकाने त्या चळवळीतल्या स्त्रिया आपल्यापुढे आणल्या, तेव्हा महाडच्या इतिहासाची ही बाजू माझ्यासारख्यांना प्रथम नीट दिसली. महाडपासून पोलादपूर अठरा-वीस किलोमीटरवर. एका गावात मुलींना शिकवा असे आयांना सांगितले गेले, आणि त्यानंतर पंचावन्न वर्षांनी शेजारच्या तालुक्यात माझ्या बहिणीची पुस्तके परत गेली. ते शब्द आमच्या वाडीत पोचले नव्हते. ते ज्यांच्यासाठी आहेत त्यांत आपण नाही, असे आमच्या कुणबी घरांनी गृहीत धरले होते. तळ्याजवळून दरवर्षी जाऊनही. याचा दोष एकट्या आईला देता येणार नाही. पण तो तिला अजिबात लागू नाही असेही म्हणता येणार नाही, कारण वाडीत त्याच वर्षी, तशाच अडचणीत असलेल्या दुसऱ्या एका घरातली मुलगी शाळेत जात राहिली होती. हेही ताईनेच सांगितले.

मराठीत मुलींनी लिहिलेली आई शोधायला मी गेलो ते या प्रश्नामुळे. ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) आई बांबूची आयदाने विणत बसलेली आहे, आणि आपले लिहिणे व तिचे विणणे यांचे नाते लेखिकेने स्वतः सांगितले आहे. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) स्त्रियांच्या हालांबरोबरच सासवांनी सुनांवर केलेल्या जुलमाचे वर्णनही आहे. बाईने बाईचे केलेले नुकसान लिहिताना या लेखिकांचा हात थांबत नाही. त्यामुळे त्यांच्या बायका कमी प्रेमाच्या ठरत नाहीत. त्या काम करणाऱ्या, चुकणाऱ्या, रागावणाऱ्या माणसांसारख्या दिसतात. मुलगी घरात, हाताखाली, कामात वाढते. आईचे हात तिला जवळून दिसतात. मुलगा शाळेतून येतो तेव्हा ताट वाढलेले असते, आणि ताट वाढलेले ज्याला दिसते तो ‘त्याग’ हा शब्द वापरतो. अर्थात याला अपवाद आहेत. आनंद यादवांच्या ‘झोंबी’तील (१९८७) आई राबताना दिसते, कारण तो मुलगा स्वतः शेतात राबतो आहे. तेव्हा मुद्दा मुलगा की मुलगी हा नसून, लिहिणारा कुठे उभा होता हा असावा.

एम.ए. झाल्यावर मी आईच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायला गेलो होतो. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्याचे वाचून मला स्फुरण चढले होते. मी आईला खुर्चीवर बसवले, यंत्र पुढे ठेवले आणि ओवी सांग म्हणालो. तिला एकही आठवेना. गावात पिठाची गिरणी येऊन बरीच वर्षे झाली होती. “खुट्याला हात न्हाय तर ववी कशी येल?” ती म्हणाली. मी त्याचा अर्थ विस्मरण असा केला आणि टिपण लिहिले. ताईला मात्र त्या ओव्या येतात. जात्याच्या दुसऱ्या बाजूला खुंटा धरून बसलेली तीच होती. मी तिला विचारलेच नव्हते.

आता ज्या प्रसंगासाठी हे सारे लिहायला बसलो त्याकडे येतो. वडील जानेवारी २००६ मध्ये गेले. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे आमची नावे द्यायची होती : आई, दादा, ताई आणि मी. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने वडिलांच्या हिश्श्यात मुलीचा हक्क मान्य केला होता, आणि ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलाच्या बरोबरीने जन्मतः हक्क दिला होता. तरीही रीत अशी की बहिणीने हक्कसोडपत्र करून द्यायचे, भावांनी तिला साडी घ्यायची आणि माहेर उघडे ठेवायचे. हक्कसोडपत्राचा मसुदा मी करून आणला होता. माझे शिक्षण घरात पहिल्यांदाच कामी येत होते आणि मी त्या समाधानात होतो. ताई काही बोलली नाही. तिने सही करायची तयारी ठेवली होती.

आई मागल्या दाराशी बसली होती. तिने कागद कशाचा आहे ते विचारले. मी समजावून सांगितले. ती म्हणाली, “तिचं नाव काडायचं न्हाय.” दादाने रीतीची आठवण दिली. त्यावर ती म्हणाली, “तुमी पुस्तकं वाचीत व्हता तवा लावनी तिनं केली हाय.” आणि उठून गुरांकडे गेली. फेरफार झाला. आमच्या दीड एकर भातजमिनीच्या आणि डोंगरातल्या वरकसाच्या सातबाऱ्यावर आजही ताईचे नाव आहे. वाडीत सासरी गेलेल्या लेकीचे नाव असलेला तो तेव्हा एकमेव उतारा होता, आणि त्यावरून आईला बरेच ऐकून घ्यावे लागले.

मी हा प्रसंग त्या चार पानांत लिहिला नव्हता. त्यात माझी शोभा नाही, हे एक कारण. दुसरे कारण असे की तो ‘त्यागमूर्ती’त बसत नाही. तिथे आईने काही सोडले नव्हते. उलट मुलांना काहीतरी सोडायला लावले होते. आता पुस्तिकेसाठी तो लिहावा, आणि त्यातून आईने १९८२ च्या निर्णयाची भरपाई केली असे दाखवावे, हा मोह मला झाला. लेखाला त्यामुळे चांगला शेवट मिळाला असता. मी ताईला तसे सुचवून पाहिले. ती म्हणाली, “नाव ऱ्हायलं, ते चांगलं झालं. शाळा गेली ती गेली. ह्येचं त्येला कशाला जोडतोस?”

२२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी आल्या. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर जे ओढवले होते ते लोक विसरले नव्हते. आमची वाडी त्या रात्री शाळेत जाऊन बसली. आईने बरोबर एकच गाठोडे घेतले होते, त्यात कागद आणि नाचणीचे बियाणे होते. नंतर दादाने तिला मुंबईला नेण्याचा आग्रह धरला, मीही माझ्याकडे ये म्हणालो. लेकीच्या घरी राहू नये म्हणतात. ती ताईकडे गेली आणि शेवटची दोन वर्षे तिथेच राहिली. तिचे सारे ताईने केले. ज्या बाईविषयी ताईच्या मनात चाळीस वर्षांची तक्रार होती, तिलाच तिने न्हाऊ-माखू घातले. यात मला पूर्वी विसंगती वाटली असती. आता वाटत नाही. तक्रार माणसाविषयी असते, आणि सेवाही माणसाचीच होते.

पुस्तिका निघाली. सोळा पानांची, शीर्षक फक्त आईचे नाव. बराचसा मजकूर ताईने सांगितलेला आणि मी लिहून घेतलेला. कामाचे वर्ष, भिंतीवरच्या रेघांचा हिशेब, माघापर्यंत न उघडलेली कणगी, रस्ता, फेरफार. दादाला प्रथम ते रुचले नाही. आईच्या वर्षश्राद्धाला घरातले उणेदुणे कशाला, असे त्याचे म्हणणे होते, आणि ते अगदीच चूक आहे असे मी म्हणणार नाही. गेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. पण संपाच्या दिवसांत आईने परळच्या खोलीवर पाठवलेल्या तांदळाची आठवण त्याने स्वतःहून लिहून दिली, आणि तीही आम्ही घेतली.

छापण्यापूर्वीचा मजकूर मी ताईपुढे ठेवला. ती पाचवीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून, सावकाश वाचते. १९८२ च्या परिच्छेदाशी ती थांबली. मी लिहिले होते : ‘त्या वर्षी ताईने शाळा सोडली.’ ती म्हणाली, “सोडली न्हाय. काडलं मला.” मी दुरुस्ती केली : ‘त्या वर्षी ताईला शाळेतून काढण्यात आले.’ तिने तेही वाचले आणि विचारले, “कुनी काडलं ते कुटं हाय ह्येच्यात?”

व्याकरण मी वीस वर्षे शिकवतो आहे. कर्ता न सांगता वाक्य पुरे करण्याची सोय मराठीत किती चांगली आहे, हे मला त्या वेळी समजले. मी वाक्य पुन्हा लिहिले : ‘त्या वर्षी आईने ताईला शाळेतून काढले.’ चार पाने पुढे दुसरे वाक्य आहे : ‘आईने ताईचे नाव सातबाऱ्यावर ठेवले.’ ताईने दोन्ही वाचली, आणि आता छापायला हरकत नाही म्हणाली.